शाळेतल्या पिंपाची तोटी

शनिवारची सकाळ म्हणजे नखं, दात, केस, कान आणि रुमाल, याच क्रमानं. हा क्रम मीच ठरवला होता. नखं दाखवायला मुलाला दोन्ही हात पुढे धरावे लागतात, हात पुढे धरले की मूल आपोआप गप्प होतं, आणि ते गप्प आहे तोवर दात, केस, कान उरकून घेता येतात. रुमाल शेवटी, कारण तो बहुतेकांकडे नसायचाच. त्यावरून होणारा गोंधळ सगळं काम संपल्यावर झालेला बरा.

हैदराबादला नामपल्लीच्या बाजूच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी कवायत आणि आरोग्य हे दोन विषय शिकवत असे. राहायला तारनाक्याला होतो. सकाळी सायकल, संध्याकाळी सायकल. वाटेत दिवसभराच्या कामांची यादी मनात लावायची, परतताना त्यातलं काय राहिलं ते बघायचं. एरवी फार राहत नसे. पण राज्याची पुनर्रचना झाली त्या वर्षी रोज काहीतरी राहू लागलं.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि आम्ही शहरातले लोक जागचे न हलता आंध्र प्रदेशात आलो. कचेऱ्यांमधल्या मराठी कारकुनांना हुकूम येऊ लागले. त्यांची मुलं आमच्या शाळेत. जत्रेला निघाल्यासारखी ती मला सांगायची, "गुरुजी, आम्ही औरंगाबादला चाललो!" आणि सोमवारी रांगेत त्यांची जागा मोकळी असायची.

कवायतीची रांग उंचीप्रमाणे लावतात. मधलं एक मूल गेलं की एक पाऊल सरकून भागतं. पण दर आठवड्याला कुणी ना कुणी गेलं की पुढचे मागे आणि मागचे पुढे येतात, लेझमीचा चौक बसत नाही, डंबेल्सच्या जोड्या मोडतात. त्यातच हुकूमही बदलले होते. आधी "होशियार" म्हटलं की मुलं ताठ उभी राहायची, आता "सावधान" म्हणायचं असं परिपत्रक आलं. मुलांनी दोन्ही शब्द मान्य करून टाकले आणि कोणत्याही शब्दाला थोडी उशिराच ताठ होऊ लागली. त्या वर्षीचा माझा थकवा अंगमेहनतीचा नव्हता. लावलेली रांग पुन्हा लावण्याचा होता.

आमच्या घरातही त्याच वर्षी एक मोठी गोष्ट झाली. माझे वडील सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. दसऱ्याला ते नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. मग आम्ही सगळेच झालो. शाळेत हे मी लपवलं नाही. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी विचारलं, "मग आता घरात काय काय बदललं, मास्तर?"

"भिंतीवरच्या तसबिरी," मी म्हणालो.

"एवढंच?"

"आई म्हणते, पुसायला कमी झाल्या."

बाई मोकळेपणी हसल्या. त्या चांगल्या होत्या, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कुणाला वेगळं वाटायला नको. दुपारी माझ्या शेजारी बसून डबा खात. आपल्या हातचं लिंबाचं लोणचं माझ्या डब्यात वाढत. माझी आधीची जात त्या विसरून गेल्या होत्या. एवढं सहज विसरता येतं याचं मला तेव्हा नवल वाटे आणि थोडा हेवाही.

उन्हाळा लागला तशी आमच्या भागात काविळीची साथ आली. शाळेत पाण्याचा एकच रांजण होता आणि त्यावर एक पेला. मूल पेला बुडवायचं, प्यायचं, उरलेलं परत रांजणात ओतायचं. मी आरोग्याच्या तासाला याविरुद्ध बोलून बोलून थकलो होतो. मुलं तोंडानं "होऽ" म्हणत आणि पेला बुडवत. शेवटी मोठ्या बाईंनी मनावर घेतलं आणि नवी पद्धत काढली. पेला बंद. रांजणापाशी आया उभी राहील, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढेल आणि वरून ओतेल. मुलानं खाली ओंजळ धरायची आणि प्यायचं.

"ना पेला, ना तोंड, ना उष्टं," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "आणि ही काही परदेशी पद्धत नाही हो, आपलीच जुनी. आमच्या माहेरी दारात येणाऱ्या वाटसरूंना असंच पाणी देत."

आरोग्याच्या दृष्टीनं पद्धत बिनचूक होती. मी मान हलवली. माहेरचे ते वाटसरू कोण असतील ते मला माहीत होतं.

तिसरीत एक मुलगी होती. शाळेत तिच्याइतकं जोरात पळणारं कुणी नव्हतं. लंगडीत तर ती दोन्ही पायांवर पळणाऱ्यांना गाठायची. वडील नामपल्ली स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. स्टेशनामागच्या क्वार्टर्समध्ये राहत. रविवारी सिकंदराबादला एका अंगणात आम्ही नव्यानं बौद्ध झालेले लोक वंदनेला जमत असू, तिथे ती वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून यायची. रेल्वेची माणसं, त्यामुळे औरंगाबादचा हुकूम त्यांना येणार नव्हता. माझ्या रांगेतलं ते एक पक्कं मूल होतं.

नवी पद्धत सुरू झाल्यावर आया माझ्याकडे आली. ती चारमिनारकडची होती, तिची भाषा शाळेत सगळ्यांच्या परिचयाची. "मास्टरसाब, वो तीसरी की पोट्टी पानीच नै पीती. सुबू से शाम तक! ऊंट है क्या?"

मी मुलीला विचारलं, "तहान लागत नाही का गं?"

"नाही."

"खोटं बोलतेस. ओठ बघ."

तिनं ओठ आत ओढून घेतले.

दोन-चार दिवसांनी लंगडीचा डाव रंगात असताना ती मैदानात मधेच खाली बसली आणि मग आडवी झाली. अंग तापलेलं, जीभ कोरडी. मी तिला सावलीत नेलं, शिक्षकांच्या खोलीतला तांब्या आणून तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि खाली न ठेवता रिकामा केला. मग मला कळलं. तिला पाणी चालत होतं. फक्त ओंजळ चालत नव्हती.

सायकलवर बसवून मी तिला घरी सोडलं. वडील पाळी संपवून नुकतेच आले होते. सगळं ऐकून ते उंबऱ्यावर बसले.

"मीच सांगितलंय तिला," ते म्हणाले. "नागपूरहून आलो तवाच घरात सगळ्यांला सांगितलं. आजपासून कुणापुढं ओंजळ धरायची नाही. माझ्या बापाची जिंदगी गेली ओंजळ धरण्यात. पोरगी काय खोटं करायली का, गुरुजी?"

"खोटं नाही. पण दादा, शाळेतली पद्धत सगळ्यांना एकच आहे. सगळीच मुलं ओंजळीनं पितात."

"हाव. सगळ्यांचे बाप आले होते का माझ्या बापाच्या बाजूला बसून ओंजळीनं प्यायला?"

मुलगी दाराआडून आम्हा दोघांकडे बघत होती.

"शाळेत पाणी नसंल तर शाळा नको," ते म्हणाले. "हितं रेल्वेची शाळा हाय. तेलुगूत शिकंल. अक्षरं काय, सगळी गोलच असतात."

"मराठी सुटेल तिची."

"मला ठाव नाही का? पण उन्हाळा हाय, गुरुजी. पोरगी वाळून मरंल."

मी त्यांच्याकडे थोडे दिवस मागून घेतले. त्यांनी दिले, पण मला बघून नव्हे. मुलगी दाराआडून "बाबा, मला हीच शाळा" एवढंच म्हणाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी बाईंशी बोलायचं ठरवून गेलो. पण त्याच आधी बोलल्या. मुलीचं आयाकडून त्यांना कळलं होतं.

"हट्टी दिसते पोर. मास्तर, असं करू. येत्या शनिवारी तुमच्या तासाला प्रात्यक्षिकच करू या. सगळ्या शाळेसमोर तुम्ही ओंजळ धरा, मी स्वतः ओतते. मुलं मोठ्यांचं बघून शिकतात. आणि ती मुलगी तुमचं ऐकते ना? तुम्ही प्यालात की मुकाट पिईल."

मी "बघू" म्हणालो आणि खोलीबाहेर आलो.

तेव्हाच सांगायला हवं होतं, असं पुढे घरी सगळ्यांनी मला ऐकवलं. पण सांगणं म्हणजे काय असतं ते मला पाठ होतं. मी सुरुवात केली की आधी बाईंना धक्का बसणार. मग त्यांना वाईट वाटणार. मग "माझ्या मनात तसं काही नव्हतं हो" असं त्या म्हणणार, आणि ते खरंच असल्यामुळे त्यांचं वाईट वाटणं मलाच सावरत बसावं लागणार. हे मी कॉलेजात केलं होतं, ट्रेनिंगला केलं होतं, आधीच्या शाळेत केलं होतं. एकदा लावलेली रांग पुन्हा पहिल्यापासून लावायची. त्या उन्हाळ्यात माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

त्यापेक्षा उपाय शोधणं सोपं, म्हणून येता-जाता सायकलवर मी मुलांना पाणी देण्याच्या पद्धती मनात मांडू लागलो. प्रत्येकानं घरून आपापला पेला आणायचा? पेले लक्षात राहतात. कुणाचा कुठला हे ठरलं की कुणाचा कुठे ठेवायचा हेही ठरतं, आणि वेगळ्या खिळ्याला टांगलेला पेला मी लहानपणी पाहिलेला होता. आयाऐवजी मोठ्या मुलांनी पाळीपाळीनं ओतायचं? मग कुणाच्या हातचं कुणी घ्यायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी एखाद्या आईकडून आला असता. द्रोण? रोज कुठून आणायचे? द्रोणातही पाणी वरूनच दिलेलं मला आठवत होतं. पाणी पाजायची जी जी रीत मी समोर ठेवली, ती आधी कुणीतरी आमच्यावर वापरलेली होती. तारनाक्याच्या चढावर सायकल हातात धरून चालताना माझ्या लक्षात आलं, की अडचण भांड्याची नाहीच. ओतणाऱ्या हाताची आहे.

शनिवार आला. नखं, दात, केस, कान, रुमाल. मग कडुनिंबाखाली पाण्याची बादली, ओगराळं आणि आया. मोठ्या बाई पदर खोचून आल्या. मुलांना मी रांगेत उभं केलं होतं. तिसरीच्या रांगेत ती मुलगी होती. मी "सावधान" म्हटलं होतं, पण तिचे हात पाठीमागे घट्ट बांधलेले होते. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

"चला, मास्तर," बाई म्हणाल्या आणि ओगराळं उचललं.

मी पुढे झालो. तोवर काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. पण तिचे ते पाठीमागचे हात दिसले आणि मी बाईंच्या हातातलं ओगराळं घेतलं.

"बाई, कवायतीचे तास माझे. ओततो मी, तुम्ही करून दाखवा. मुलं मोठ्यांचं बघून शिकतात."

टोमणा मारायचा म्हणून मी हे म्हणालो नाही. टोमण्याला जोर लागतो. बाईंना ते गमतीचं वाटलं असावं. "बरं, बरं, मी तर मी!" म्हणून त्या समोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे केले.

त्या ताठ उभ्या होत्या. ओतणाऱ्यासमोर ताठ उभं राहून ओंजळीनं पिता येत नाही. ओंजळ हनुवटीशी आणावी लागते, मान खाली घालावी लागते, डोकं दुसऱ्याच्या हाताच्या खाली न्यावं लागतं.

"थोडं वाका, बाई," मी म्हणालो.

त्या थोड्या वाकल्या.

"और झुको, बाई," आया म्हणाली. "पानी ऊपर कू नै चढता."

त्या आणखी वाकल्या आणि मी पाणी सोडलं. बोटं नीट मिटलेली नव्हती. पाणी बोटांच्या फटीतून निसटलं, बांगड्यांवरून कोपरापर्यंत आणि कोपरावरून पोलक्यात गेलं. घाईनं घोट घ्यायला गेल्या तर ठसका लागला. पाणी नाकात गेलं. मुलं खो-खो हसू लागली. मी "शांत!" म्हणालो, पण कुणी ऐकलं नाही.

"अहो, मला येतच नाहीये हे!" बाई म्हणाल्या. आवाजात नुसतं आश्चर्य होतं. आणि तशाच वाकलेल्या, हनुवटीवरून पाणी ठिबकत असताना त्यांनी वर पाहिलं. वर मी होतो, ओगराळं धरून.

त्या लगेच सरळ झाल्या नाहीत. मुलांचं हसणं आपोआप ओसरलं. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, तिसरीच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आजचा पाठ एवढाच."

नंतर त्यांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. पोलक्याची एक बाही ओलीच होती.

"आमच्या माहेरी असंच देत," त्या म्हणाल्या. "पायरीवरून."

"हो."

"वाटसरू म्हणायचे त्यांना."

"माझे आजोबा फार हिंडायचे," मी म्हणालो.

त्या काही वेळ टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिल्या. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"उन्हाळ्यात फार दमायला होतं, बाई."

आता त्या रडतील, किंवा माफी मागतील, आणि मला खुर्ची पुढे ओढून बसावं लागेल, असं वाटून मी मनानं तयारी केली. पण त्यांनी डोळे पुसले नाहीत. त्या म्हणाल्या, "पण कावीळ तर आहेच. मग पाणी द्यायचं कसं?"

त्या प्रश्नासाठी मी त्यांचा आजही आभारी आहे.

"कुणी द्यायचंच नाही," मी म्हणालो. "मुलांनी घ्यायचं."

कोठीत दुधाच्या भुकटीची रिकामी पिंपं पडली होती. त्यातलं एक धड बघून मी सायकलला बांधलं आणि घरी नेलं. वडिलांनी जुन्या बाजारातून एक पितळी तोटी आणली. पिंपाला खाली भोक पाडलं, तोटी बसवली, कडेनं कथलाचा डाग दिला. मी झाकण धरून उभा होतो. काम झाल्यावर त्यांनी पाणी भरलं, तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"झालं? एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

"आमच्या वेळी काय तोट्या निघाल्या नव्हत्या का?" असं म्हणून त्यांनी हत्यारं आवरली आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

पिंप शाळेत तिवईवर बसवलं. झाकणाला कडी लावली, म्हणजे पेला बुडवायची सोयच उरली नाही. तोटी थोडी गळत होती. खाली चिखल व्हायचा आणि आया पिंपाला, तोटीला आणि मला नावं ठेवायची. "पैले मैं पानी देती थी, अब पैरां धोती हूं!"

त्या शनिवारनंतर मुलगी घरीच होती. मी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे वडील रेल्वेच्या निळ्या कपड्यांत तिला घेऊन आले. पिंपाभोवती एक चक्कर मारून त्यांनी बघून घेतलं.

"ओतणारं कुणी नाही?"

"कुणी नाही."

"झाकण कोण उघडतंय?"

"भरताना आया. प्यायला उघडावं लागत नाही."

त्यांनी तोटी फिरवली, वाकले, ओंजळ भरून प्यायले आणि मिशा पुसत उभे राहिले. "नळापुढं वाकलं तर चालतंय," ते म्हणाले. "नळाला काय, वर डोळे नसतात."

मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्या खाली आल्या नाहीत, तिथूनच बघत राहिल्या. ते मला बरं वाटलं.

मग मुलगी पुढे झाली. तिनं तोटी पूर्ण उघडली, ओंजळ लावली आणि पिऊ लागली. पिते आहे, पिते आहे. मागे रांग लागली. रांगेत आता त्या चारच महिन्यांपूर्वीच्या मुलांपैकी निम्मी नव्हती, आणि होती त्यांची उंचीही एकसारखी लागत नव्हती. एक पोरगा ओरडला, "ए, बास की! पिंप रिकामं करतीस का?" तिनं तोंड वर न करता एक कोपर मागे मारलं आणि प्यायली.

शेवटी तोटी बंद केली. नीट, ठिबकू न देता. ओले हात तिनं फ्रॉकला पुसले, पुढूनही आणि मागूनही. आरोग्याच्या तासाला रुमालाचा नियम मी वर्षभर घोकून घेतला होता. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी शिट्टी तोंडात धरून पुढच्या मुलाला हात केला.